पंप ॲक्शन, सातबारा आणि भाट्याची माकडं

गेल्या शनिवारी सकाळी चुलतभावाचा फोन. "दादा, जरा काम होतं. भाट्याच्या सातबाऱ्यावर तुझं पण नाव आहे ना? संमती लागेल."

कोकणातल्या सामायिक जमिनीचा विषय निघाला की कुठल्याही माणसाचे कान टवकारतात, तसे माझेही टवकारले. वाटलं, विकायबिकायची भानगड दिसते. पण नाही, साहेबांना बंदूक घ्यायची होती. पंप ॲक्शन, बारा बोर. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अमेरिकन व्हिडिओ बघून त्याने मॉडेलसुद्धा ठरवत आणलं होतं. "शिकार पण होईल आणि गावच्या घराचं रक्षण पण. टू इन वन!"

पार्श्वभूमी सांगतो. आमचे काका गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, ती आता ठाण्यात जमा आहे. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. भावाचा प्लॅन असा: वारस म्हणून अर्ज करायचा, ठासणीची पुरत नाही असं लिहायचं आणि पंप ॲक्शन पदरात पाडून घ्यायची. हा राहतो पुण्यात. भाट्याला येतो वर्षातून चार वेळा, त्यातले दोन गणपती आणि शिमगा. बाग सांभाळतो त्याचा थोरला भाऊ, आमचा अण्णा.

मी संमती देणार नाही म्हणालो. तो चिडला. "तू असाच. कशालाच सपोर्ट नसतो तुझा." म्हणून हे सविस्तर लिहितोय. आणि फक्त त्याच्यासाठी नाही, कारण "पहिली शॉटगन कुठली घेऊ?" हा प्रश्न ऑफिसच्या कँटीनमध्येही मी दोघा-तिघांकडून ऐकलाय.

मुद्दा पहिला, शिकार. अरे बाबा, आपल्याकडे शिकार नाहीये! वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे, आणि त्यात परवाना काढून शिकार करायची जी सोय उरली होती ती १९९१च्या दुरुस्तीत गेली. ससा, भेकर, रानडुक्कर, काहीही मारलंस तर गुन्हा. रानडुक्कर उभ्या पिकाची नासाडी करत असेल तर वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी हुकूम देऊन मारायची परवानगी देऊ शकतो. पण ते खात्याच्या देखरेखीखालचं काम झालं, वीकएंडचा कार्यक्रम नव्हे.

आणि भाट्यात खरा त्रास कोणाचा? माकडांचा. अण्णाला विचार, शहाळी कोण सोलून टाकतं. ही लाल तोंडाची माकडं २०२२च्या दुरुस्तीने, म्हणजे १ एप्रिल २०२३पासून, पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ आहे त्याच यादीत. पीक खाल्लं या कारणासाठी त्यांना मारायची परवानगी कायदा देतच नाही. म्हणजे ज्या प्राण्यासाठी तू बंदूक मागतोयस, त्याच्यावर ती चालवलीस की तू आत. रिक्वायरमेंट न वाचता कोड लिहिणाऱ्याला आपण काय म्हणतो?

मुद्दा दुसरा, घराचं रक्षण. अमेरिकेतला माणूस भरलेली शॉटगन पलंगाशेजारी ठेवत असेल. आपल्या नियमांना ती रिकामी आणि कुलपात हवी आहे. रात्री दोन वाजता कौलांवर आवाज आला तर तू चष्मा शोधणार, किल्ली शोधणार, काडतुसं शोधणार. तोपर्यंत चोर असेल तर पावसला पोचेल. आणि बहुतेक वेळा ते मांजर असतं.

स्वसंरक्षणाचा हक्क आहे, नाही कोण म्हणतो? भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्याबद्दलच आहेत, सूर्यास्तानंतरच्या घरफोडीचा उल्लेखही आहे. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही ही अट त्याच हक्काला चिकटलेली आहे. बार काढल्यावर ती गरज तुला कोर्टात पटवून द्यावी लागेल, वर्षानुवर्षं.

"शॉटगनला नेम लागत नाही" हा व्हिडिओतून उचललेला आणखी एक समज. साधा हिशोब असा की छर्रे दर यार्डामागे साधारण इंचभर पसरतात. माजघराच्या लांबीत पसरून पसरून किती पसरणार? मुठीएवढे. म्हणजे नेम लागतोच. आणि चुकला तर? आपल्या जुन्या घराच्या चिऱ्याच्या भिंती एकवेळ छर्रे अडवतील, पण लाकडी दार? बाहेर नारळीच्या बागेतून पलीकडच्या घराचा दिवा दिसतो. एका अंगाला रत्नागिरी-पावस रस्ता, दुसऱ्या अंगाला सुरूबन आणि किनाऱ्यावर फिरायला आलेली माणसं. यातल्या कुठल्या दिशेला मोठे छर्रे सोडणार आहेस, तेवढं सांग.

घरात बंदूक असली की घर सुरक्षित होतं, यालाही फारसा आधार नाही. १९९३ साली अमेरिकेत एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बंदूक असलेल्या घरात खून होण्याचा धोका सुमारे २.७ पट दिसला होता. कार्यकारण आणि सहसंबंध यांवरून त्यावर भरपूर वाद झाले, ते मला माहीत आहेत. पण अमेरिकेतल्या बंदुकीच्या मृत्यूंत अर्ध्याहून जास्त आत्महत्या असतात, यावर वाद नाही. प्रोजेक्ट बुडाला, लग्न मोडलं, अशा रात्री आपल्या वयाच्या माणसाच्या हाताशी काय असू नये याचा विचार मॉडेल निवडायच्या आधी करायचा असतो.

आता मुद्दा तिसरा, ज्यासाठी मी खरा भांडतोय.

१९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ वाच. प्रामाणिक शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर नाकारण्यासारखं दुसरं कायदेशीर कारण नसताना परवाना द्यावा असं तिथे म्हटलंय. ठासणीची पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. केवढी उदार तरतूद आहे! आणि ती आहे अण्णासारख्यासाठी, जो पहाटे पाचला बागेत असतो. तू तिच्यातून हौस घुसवणार. असे चार अर्ज पकडले गेले की पाचव्या, खऱ्या शेतकऱ्याची फाईल दोन वर्षं फिरत राहणार. भोगणार कोण?

त्याच्या मागे आधीच कमी कटकटी नाहीत. २०२४ची लोकसभा आठव. आचारसंहिता लागली १६ मार्चला, रत्नागिरीत मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका जमा करून घेतात, कोणाच्या ते समिती ठरवते. आता हापूसचा हंगाम कधी असतो ते कोकणातल्या पोराला मी सांगायला नको. म्हणजे ज्याची बंदूक जमा झाली, तो नेमक्या राखणीच्या दिवसांत बागेत डबे बडवत बसला. भांडायचंच असेल तर यावर भांड ना! शेतीसंरक्षणाच्या बंदुका हंगामात सरसकट उचलू नका, म्हणून अर्ज लिही. मी सही करतो, चार ओळखीचे पण गोळा करतो.

अण्णाला मी परवा विचारलं, "तुला काय हवंय रे?" तो म्हणाला, "मला आवाज हवा. छर्रे कशाला?" काकाही तेच करायचे. नुसती दारू ठासायची, छर्रे घालायचेच नाहीत. बार काढला की माकडं दुसऱ्या वाडीत. ठासणीच्या बंदुकीचा हा गुण एकाही व्हिडिओत नाही. तुझ्या पंप ॲक्शनच्या नेहमीच्या काडतुसात छर्रे भरूनच येतात, आणि दर बाराला ते कुठेतरी जातात. आवाजालाही माकडं चार दिवसांत सरावतात हे खरंच आहे. म्हणून तर बागायतदार नेपाळी राखणदार ठेवतात. माणूस बागेत असणं याला पर्याय सापडलेला नाही.

आणि तुला नेमबाजीच आवडत असेल तर चांगलंच आहे. पुण्यात रायफल क्लब आहेत, रीतसर शीक. आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं. शॉटगनच हवी तर राज्यवर्धन राठोड आहेत, २००४च्या अथेन्सचं रौप्य. मात्र तिथे दुनळी चालते, तुझी पंप ॲक्शन नाही.

तर भावा, माझी संमती मिळेल, पण अर्जदार अण्णा आणि बंदूक काकांचीच. तुला घराच्या रक्षणाची एवढी काळजी असेल तर अंगणात दोन दिवे लाव, मागच्या दाराला नवी कडी बसव आणि मे महिन्यात आठ दिवस रजा काढून राखणीला ये. काकू घावणे करतील. मीही येतो.

डबा मात्र तू बडवायचास :-)