आग सोमेश्वरी, गोळी रामेश्वरी

आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या घालायला सोपं जाईल. झोप लागत नाही म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या खाणं हा आपल्या आयटीवाल्यांचा शुद्ध खुळेपणा आहे. आणि कंपन्यांनी 'वेलनेस'च्या नावाखाली त्यांना उत्तेजन देणं ही चक्क लबाडी आहे.

कुठल्याही टीममध्ये बघा. कीबोर्डशेजारी डब्यांची रांग. बी-कॉम्प्लेक्स, डी-३, मॅग्नेशियम आणि रात्रीसाठी मेलाटोनिनची गमी. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "व्हिटॅमिनच तर आहे रे, अपाय काय होणार?"

तर मंडळी, मेलाटोनिन व्हिटॅमिन नाही, हार्मोन आहे. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी ते तयार करते आणि "रात्र झाली" एवढा निरोप शरीराला देते. अमेरिकेत मात्र ते सप्लिमेंट म्हणून सर्रास विकलं जातं. २०२३ साली तिथे २५ गमी तपासल्या, तर २२ डब्यांवरचा आकडा चुकीचा निघाला. लिहिलेल्याच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत काहीही! एकीत तर मेलाटोनिनच नव्हतं. असलं रिलीज आपण क्यूएमधून पुढे सोडलं असतं का? पण गिळताना कुणी टेस्टिंग मागत नाही.

आता बी-६. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमधला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. शंभर लोक, काहींना झोपण्याआधी २४० मिलिग्रॅम बी-६. त्यांना स्वप्नं जास्त आठवू लागली, झोप काही सुधारली नाही. ज्यांना बी-कॉम्प्लेक्स दिलं, त्यांनी तर झोप बिघडल्याचं आणि उठल्यावर जास्त थकवा वाटल्याचं सांगितलं. म्हणजे प्रॉडक्शन डाऊन झाल्याची स्वप्नं आता सकाळी तपशीलवार आठवणार. घ्या!

"जास्तीचं लघवीतून निघून जातं" हे सगळ्यांना पाठ असतं. पण बी-६ मोठ्या मात्रेत बरेच दिवस घेतलं तर हातापायांच्या नसांना इजा होते, मुंग्या येतात, बधिरपणा येतो. आणि डी तर चरबीत साठतं. आठवड्याला एक असं लिहून दिलेलं ६०,००० युनिटचं पाकीट कुणी रोज घेऊ लागला, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून वेगळंच दुखणं मागे लागेल.

खरी कमतरता असते, मान्य. शाकाहारी लोकांत बी-१२ कमी असतं. लोह कमी असलं की रात्री पाय अस्वस्थ होतात आणि झोपेचं खोबरं होतं. मग रक्त तपासा, डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील ते घ्या. तो उपचार झाला. बाकीचा नुसता अंदाजपंचे कारभार.

खरा बग सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याचं तिकीट कुणी उघडत नाही. कॅलिफोर्नियावाल्यांबरोबरचा रात्री साडेनऊचा कॉल. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की तोच साडेदहाला. त्यांचे मात्र बारा महिने सकाळचे नऊच, बरं का. कॉलसाठी जागं राहायला संध्याकाळी कॉफी, आणि झोपायच्या सहा तास आधी घेतलेलं ४०० मिलिग्रॅम कॅफिनसुद्धा तासाभराहून जास्त झोप खातं, हे २०१३ सालीच मोजून झालंय. वर रात्री लख्ख उजेडात बसून शरीराचं फुकटचं मेलाटोनिन दाबायचं, आणि मग तेच पैसे देऊन गिळायचं!

आमच्याकडे मध्ये वेलनेस वीक झाला. स्टॉल, गमीची कूपनं, 'झोपेचे महत्त्व' यावर भाषण. एका पोरीने साधा प्रश्न विचारला, "कॉल तासभर आधी घेता येईल का?" उत्तर आलं, "ते क्लायंटवर अवलंबून आहे." आणि पुढची स्लाइड. त्या रात्री कॉल होताच.

गोळी स्वस्त पडते हो, कारण ती आपल्या पोटात जाते. वेळ बदलायची तर कुणाला तरी क्लायंटसमोर तोंड उघडावं लागतं. पण मागणी काही जगावेगळी नाही. एक आठवडा आपण जागू, एक आठवडा त्यांनी सकाळी सातला बसावं. सोमवारच्या मीटिंगमध्ये एवढंच बोला. एकट्याने नको, चौघांनी मिळून.