केशवराव भोसले नाट्यगृह: ‘जसं होतं तसं’ म्हणजे नेमकं काय?

कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली. रंगमंच आणि छत जळून गेलं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. नाट्यगृह ‘जसं होतं तसं’ उभारावं, ही मागणी लगेच पुढे आली. सरकारनेही पुनर्बांधणीची घोषणा केली.

राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाला लागूनच हे नाट्यगृह बांधून घेतलं. १९१५ मध्ये ते सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव होतं ‘पॅलेस थिएटर’. कुस्ती आणि नाटक शेजारी-शेजारी नांदावेत, हा विचार त्या जागेतच दिसतो. १९५७ मध्ये नाट्यगृहाला केशवरावांचं नाव मिळालं. कोल्हापुरात जन्मलेल्या या गायक-नटाने १९०८ मध्ये ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली होती. १९२१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

संस्थानाच्या काळात नाट्यगृहामागे राजाश्रय होता. आता ती जबाबदारी महापालिकेची, म्हणजेच करदात्यांची आहे. दगडी भिंती आणि कमानी पूर्वीसारख्या उभारता येतील. पण लाकूड, पडदे आणि विजेच्या तारा एकत्र असलेल्या जागेत अग्निसुरक्षा जुनी ठेवून चालणार नाही. शिवाय बांधकामाचा निधी एकदाच लागतो, देखभालीचा दरवर्षी. त्याची तरतूद नसेल, तर वास्तू ‘जशी होती तशी’ होईल आणि धोकाही जसा होता तसाच राहील.