खासगी रुग्णालयांकडे हिशेब मागा : तामिळनाडूच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री, तामिळनाडू शासन, चेन्नई यांचे सेवेसी,



तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, घरात मराठी आणि बाजारात तमिळ बोलणाऱ्या कुटुंबांपैकी एकातला मी. या पत्राची तमिळ प्रत आपल्या कचेरीकडे वेगळी रवाना केली आहे. मराठीत ते छापावयास देत आहे, कारण ज्या प्रश्नासंबंधी येथे लिहावयाचे तो महाराष्ट्रातही तितकाच धुमसत आहे, आणि त्याच्या विचाराला लागणारा एक जुना दाखला आमच्या भोसले राजवटीच्या कारभारातला आहे.

१७९९च्या तहाने सरफोजीराजांनी मुलखाचा कारभार कंपनी सरकारच्या हवाली केला. त्यानंतर १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ज्या गोष्टीसाठी कळकळीने रदबदली केली, ती म्हणजे रामेश्वरच्या वाटेवरील छत्रांचा, म्हणजे यात्रेकरूंच्या अन्नछत्र-धर्मशाळांचा, खर्च चालू ठेवावा ही. आजारी पडलेल्या वाटसरूला बरा होईपर्यंत औषध व पथ्याचे अन्न मिळे, आणि छत्रात आलेल्या गरोदर स्त्रीच्या बाळंतपणाचा खर्च होऊन पुढे तीन महिने तिला तेथे राहण्याची मुभा असे, असे त्या पत्रातले वर्णन आहे. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र याच परंपरेतले. राजांनी धन्वंतरी महाल ही वैद्यकसंस्था स्थापली, आणि त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी, रुग्णाची तक्रार, केलेला उपचार व त्याचा परिणाम यांसह, काही तर डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात आजही आहेत. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. छत्रात मिळे ती राजाची कृपा होती, रयतेचा हक्क नव्हे. परंतु ज्याने पैसा खर्चला त्याने उपचाराचे काय झाले याचे दप्तरही राखले, एवढी गोष्ट त्यातून निर्विवाद दिसते.

आता आपल्या काळाकडे येतो. २००९ साली सुरू झालेली विमा योजना २०१२ साली मुख्यमंत्र्यांच्या सर्वंकष योजनेत रूपांतरित झाली आणि २०१८ साली केंद्राच्या योजनेशी जोडली गेली. वर्षाला एक लाख वीस हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला आज पाच लाखांपर्यंतच्या उपचाराचे संरक्षण आहे, आणि काप्पीटु अट्टै, म्हणजे विम्याचे कार्ड, दाखवून गरीब माणूस खासगी रुग्णालयाची पायरी चढू शकतो, हे मी तामिळनाडूच्या राज्यकारभाराचे भूषण मानतो. मात्र यामुळे शासन हे खासगी वैद्यकसेवेचे मोठे गिऱ्हाईक झाले आहे, आणि गिऱ्हाइकाने मालाची पारख करू नये असा दंडक जगातल्या कोणत्याही बाजारात नाही. खासगी रुग्णालयांच्या नियमनाचा कायदा या राज्याने १९९७ साली केला, पण त्याचे नियम निघावयास २०१८ साल उजाडले. त्याच सुमारास सरकारी रुग्णालयांनाही कायद्याच्या कक्षेत आणले गेले, हे न्याय्यच झाले. तथापि नोंदणीची सारी भिस्त मुख्यतः जागा, खाटा, उपकरणे आणि पात्र कर्मचारी यांच्यावर आहे. त्या खाटांवर कोणत्या निर्णयाने काय घडते आणि त्याचा आकार कसा लावला जातो, हा प्रश्न कायद्याच्या उंबरठ्याबाहेर उभा आहे.

उदाहरण प्रसूतीचे घेतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार तामिळनाडूतील खासगी रुग्णालयांतल्या प्रसूतींपैकी ६३.८ टक्के शस्त्रक्रियेने झाल्या, सरकारी रुग्णालयांत हेच प्रमाण ३६ टक्के. अवघड बाळंतपणे खासगीत जातात म्हणून हा फरक पडतो असे म्हणावे, तर आमच्या तंजावरच्या सरकारी राजा मिरासदार रुग्णालयाचा अनुभव नेमका उलटा आहे. रक्तस्राव झालेली, झटके आलेली, खेड्यातल्या लहान दवाखान्याने ऐनवेळी हात टेकलेली बाई रात्रीअपरात्री तेथेच आणली जाते. सरकारी आकडाही लहान नाही, हे मान्य. तरी ज्या दालनात जोखीम अधिक तेथे शस्त्रक्रिया कमी, आणि जेथे जोखीम कमी तेथे शस्त्रक्रिया अधिक, या विपरीत व्यवहाराचा जाब कोणी कोणाला विचारावयाचा?

आमच्या आप्तांपैकी एका मुलीच्या प्रसूतीचे बिल मी पाहिले. औषधांची एकच ओळ, त्याखाली ‘इतर साहित्य’ अशी दुसरी ओळ, आणि ही दुसरी रक्कम शस्त्रक्रियागृहाच्या शुल्काहून मोठी. तपशील मागितला तेव्हा, ‘पॅकेजमध्ये तपशील नसतो सार’, असे खिडकीवरच्या तरुणाने मोठ्या अदबीने सांगितले. किराणा दुकानदारसुद्धा गुळाची आणि मिठाची ओळ निराळी लिहितो. रुग्णालयाचे नाव येथे घालीत नाही, कारण तो गुन्हा एकट्याचा नव्हे, तो रिवाज आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे, नाहीतर माझ्या म्हणण्याचा विपर्यास होईल. आमच्या जिल्ह्यातील पट्टुकोट्टै किंवा पापनाशम येथे पतिपत्नी मिळून दहा-पंधरा खाटांचे रुग्णालय चालवणारा डॉक्टर आणि महानगरातली, भागधारकांना उत्तरदायी असलेली रुग्णालयांची साखळी यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. विम्याची देणी रखडली की पहिला श्वास कोंडतो तो त्या लहान रुग्णालयाचा, आणि अग्निशमनापासून प्रदूषण मंडळापर्यंतच्या दाखल्यांच्या हेलपाट्यांत पहिला खचतो तोही तोच. मग तो आपली वास्तू मोठ्या साखळीला भाड्याने देऊन तिच्याच नोकरीत शिरतो, आणि नियमनाने ज्याला आवरावयाचे त्याचीच भरभराट होते. म्हणून शासनाने मोबदल्याची मुदत स्वतःवर बंधनकारक करून घ्यावी आणि ती चुकल्यास व्याज द्यावे. ज्याला वेळेवर पैसे मिळतात त्याच्याकडेच नेटाने हिशेब मागता येतो.

हिशेब मागावा म्हणजे काय करावे, तेही सांगतो. शासनाचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने रुग्णाला तमिळमध्ये तपशीलवार बिल द्यावे, आणि प्रसूतीतील शस्त्रक्रियांचे प्रमाण, नाकारलेले रुग्ण व नाकारण्याची कारणे दरवर्षी जाहीर करावीत. न केल्यास योजनेतून नाव कमी व्हावे. महाराष्ट्राने २०२१ साली आपल्या जुन्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याच्या नियमांत दुरुस्ती करून दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद लावणे आवश्यक केले. अंमलबजावणीची कथा तेथे वेगळी आहे, पण कागदावर तरी पाऊल पडले. पैशाबरोबर अट घालता येते, हे आपल्याच शासनाने २०२१च्या ‘इन्नुयिर काप्पोम’ योजनेत दाखवले आहे. अपघातग्रस्ताच्या पहिल्या ४८ तासांचा खर्च सरकार देते, आणि त्या बदल्यात योजनेतील खासगी रुग्णालयाने त्याला विनामूल्य दाखल करून घ्यावयाचे असते. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच खासगी डॉक्टरावर तातडीच्या उपचाराचे कर्तव्य घातले होते. त्या कर्तव्यामागे खर्चाची हमी उभी करणे ही शासनाची करामत.

राहिला प्रश्न हे सारे पाहणार कोण. जिल्ह्यात हे काम वैद्यकीय सेवांच्या सहसंचालकांकडे आहे, ज्यांच्या गळ्यात जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयांचा भार आधीच आहे, म्हणजे खासगी रुग्णालयांची तपासणी हे त्यांचे उरल्या वेळचे काम ठरते. त्यांना स्वतंत्र कर्मचारीवर्ग द्यावा, बिलांची छाननी करू शकेल असा एक जमाखर्चनीस द्यावा, आणि तक्रार ऐकणाऱ्या समितीत डॉक्टरांच्या संघटनेबरोबर रुग्णांच्या बाजूचे दोन नागरिकही बसवावेत. प्रारंभ तंजावर जिल्ह्यापासून करावयाचा झाल्यास, बिलाचा नमुना तमिळमध्ये तयार करण्याच्या कामी लागेल ती मदत करावयास आमच्यासारखे निवृत्त लोक येथे पुष्कळ आहेत, आणि त्यासाठी मानधनाची अपेक्षा नाही.



आपला,
तंजावरचा एक मराठी रहिवासी