गळत नाही म्हणजे शाबूत?

बदलापूरच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला असलेला आमच्या चाळीतला एक पोरगा परवा रात्रपाळीला जाता जाता दारात थांबला. म्हणाला, "काका, ॲसिडच्या एफआरपी टाकीवर केसासारख्या पांढऱ्या रेघा आल्यात. सुपरवायझरला दाखवल्या, तर म्हणतो, गळत नाही ना? मग भर." गळत नाही, तर बिघडलं काय, एवढंच त्याला विचारायचं होतं.

वाचकहो, याचं उत्तर आपल्या घरच्या सुती पातळात आहे. खळ घालून वाळवलेलं पातळ पत्र्यासारखं ताठ राहतं. तेच चार वेळा चुरगाळा. एकही धागा तुटत नाही, तरी पातळ लुळं पडतं. धाग्यांना एकमेकांशी जखडून धरणारी खळ जागोजाग तडकलेली असते. मजबुती वेगळी आणि ताठपणा वेगळा.

एफआरपीत धाग्यांच्या जागी काचेचे तंतू, खळीच्या जागी रेझिन. तंतू रेझिनपेक्षा सुमारे वीसपट ताठ असतात. कारागीर थरावर थर चढवतो. तुकड्यांची मॅटही वापरतात, पण समजायला सोपं म्हणून उभ्या आणि आडव्या तंतूंचेच थर घेऊ. टाकी भरली की भिंत घेराच्या दिशेने ताणली जाते. ज्या थरातले तंतू त्या दिशेने गेलेले असतात ते ताण पेलतात. ज्या थरात तंतू उभे, तिथे सारी मदार रेझिनवर. म्हणून पहिली चीर तिथेच पडते.

चिरेच्या जागी तो थर काहीच पेलत नाही. त्याचा बोजा शेजारच्या थरावर जातो. चिरेपासून थोडं दूर गेलं की थर एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे तो पुन्हा आपला वाटा उचलू लागतो. म्हणून एका चिरेने फारसं बिघडत नाही. पण चिरा दाट झाल्या की दोन चिरांच्या मधे सावरायला जागाच उरत नाही.

हिशेब मांडून पाहा. ताणाच्या दिशेचा एक थर, त्याचा ताठपणा ४० धरू. उलट दिशेचे तीन, प्रत्येकी १०. एकूण ७०. ते तिन्ही चिरांनी निकामी झाले तर उरतात ४०. शंभर रुपयांतले सत्तावन्नच हातात राहिले, आणि टाकी अजून गळत नाही!

इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाच्या गॅरेट आणि बेली यांनी काच-पॉलिएस्टरच्या अशाच पट्ट्या ताणून पाहिल्या आणि १९७७ साली निष्कर्ष छापले. ताण वाढवला की जुन्या चिरांच्या मधे नव्या चिरा उमटत गेल्या. पुढे चिरा दाट होऊन थांबल्या, तरी धोका थांबत नाही. थरांचे पापुद्रे सुटू लागतात आणि शेवटी तंतूच तुटतात. ॲसिडच्या टाकीत तर चिरेतून ॲसिड काचेपर्यंत पोचतं, आणि ताणाखाली असलेली साधी काच ॲसिडमध्ये लवकर तुटते.

अशा रेघांवर बाहेरून रेझिनचा एक हात मारून मोकळं होतात, त्याचा मला भारी राग येतो. रेघ झाकली जाते, ताठपणा परत येत नाही. खराब भाग घासून, कोरडा करून, पुन्हा काचेचे थर चढवावे लागतात. त्यासाठी टाकी रिकामी हवी, धुतलेली हवी. आणि आत माणूस उतरवायचा तर आधी हवा तपासून जाणत्या माणसाचा लेखी दाखला हवा. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३६ व्या कलमातही हेच सांगितलं होतं. "पाच मिनिटांचं काम आहे, उतर" असं कुणी म्हणालं तरी उतरू नये.

रेघा किती खोल हे बाहेरून कळत नाही, पण ताठपणा गेला की पोट जास्त सुटतं. पोराला सांगितलं, टाकी रिकामी असताना पोलादी टेपने ठरलेल्या खुणेवर घेर माप, मग नेहमीच्या पातळीपर्यंत भरल्यावर माप. फरक काही मिलिमीटरचाच असतो, पण तो दर महिन्याला वाढत गेला तर तारखेसह लिहून कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरला दे आणि एक प्रत जवळ ठेव. तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

लिहायला वही नव्हती त्याच्याकडे. धाकटीच्या गेल्या वर्षीच्या वहीची कोरी पानं फाडून दिली, ती घेऊन तो पाळीला गेला.