प्रत्येक ‘पैठणी’ खरी असते का? जाणून घ्या नावामागचा इतिहास आणि आजचा पेच

जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगावच्या नावातच कारागीर आहे. तिथून वरच्या अंगाला, गोदावरीकाठच्या पैठणने मात्र आपले नाव कारागिरीलाच दिले. आज हे नाव बाजारात जोरात चालते. पण त्याचा फायदा विणकराला किती होतो?

पैठणी पैठणची, मग येवल्याची कशी?
पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. इथल्या रेशीम-जरीच्या विणकामाला पुढे पेशवे आणि निजाम घराण्याचा आश्रय मिळाला. राजाश्रय संपला आणि मागणी आटली. आज पैठणीचे मोठे केंद्र नाशिक जिल्ह्यातील येवला आहे.

ती महाग का?
पदरावरचा मोर विणताना प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीवरून हाताने फिरवून शेजारच्या रंगात अडकवला जातो. भरगच्च पदराच्या साडीला त्यामुळे कित्येक महिने लागतात.

खरी कशी ओळखाल?
पदर उलटून पाहा. हाताने विणलेली नक्षी मागूनही जवळपास तितकीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरच्या नक्षीमागे सहसा सुटे किंवा कापलेले धागे दिसतात.

जीआय मानांकन पुरेसे नाही?
पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याने नावाला कायद्याचे संरक्षण मिळते, गिऱ्हाईक मिळत नाही. ‘सेमी पैठणी’ काही हजारांत मिळत असताना फोटो पाहून साडी निवडणाऱ्याला फरक कळणार कसा? यंत्रावरची साडी विकायला हरकत नाही. ती हातमागाची म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

यात जालना कुठे?
राज्यातील पहिली रेशीम कोष बाजारपेठ २०१८ मध्ये जालन्यात सुरू झाली. त्याआधी मराठवाड्यातील शेतकरी कोष घेऊन कर्नाटकातील रामनगर गाठत. येवल्याचे विणकरही रेशमासाठी बंगळुरूकडे पाहत आले आहेत. म्हणजे कोष मराठवाड्यात, माग महाराष्ट्रात आणि मधला व्यवहार परराज्यात!

कोष थेट मागावर चढत नाही. धागा काढणे, पीळ देणे, रंगवणे ही कामे इथेच वाढली, तर शेतकऱ्याचा वाहतूक खर्च वाचेल आणि विणकराला धागा जवळ मिळेल. सरकारने पैठणीच्या प्रदर्शनांइतकेच लक्ष या मधल्या कड्यांकडे द्यायला हवे. आणि आपण? पुढच्या लग्नसराईत दुकानदाराला एवढेच सांगायचे : आधी पदराची मागची बाजू दाखवा.