झाड की जावई?

पूर्वी घराला अंगण असायचे. हल्ली लँडस्केप असतो. अंगणात सडा पडायचा, शेवया-पापड वाळायचे, उन्हाळ्याच्या रात्री ओळीने खाटा पडायच्या आणि अधूनमधून भांडणेही व्हायची. लँडस्केपमध्ये यातले काहीच करायचे नसते. तो नुसता बघायचा असतो. आणि तोही घरातल्यांनी नव्हे, रस्त्यावरून जाणाऱ्यांनी. आमच्या नाचणगावात या लँडस्केपने आता चांगलेच बस्तान बसवले आहे. नाचणगाव म्हणजे तालुका देवळी, जिल्हा वर्धा. पुलगावच्या अंगाला अंग लावून बसलेले गाव. पुलगावला गाडी थांबते, लष्कराच्या दारूगोळ्याचे मोठे भांडार आहे, म्हणून ते नाव लोकांना ठाऊक असते. आम्हाला मात्र 'पुलगावजवळचे' हे शेपूट लावल्याशिवाय कुणी ओळखत नाही.

पण सांगायचा मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि कावळासुद्धा दुपारी चोच वासून बसतो, त्या या गावात आमच्या शेजारच्या काकांना घरासमोर क्रॅबॲपल लावायचे आहे. माझा याला विरोध आहे, आणि तो मी कुणी विचारलेले नसताना जाहीरपणे नोंदवीत आहे.

क्रॅबॲपल म्हणजे सफरचंदाचा गरीब चुलतभाऊ. सफरचंदाच्या कुळातल्या ज्या झाडाचे फळ दोन इंचांहून लहान, ते क्रॅबॲपल, असा साधा हिशेब. फळ आंबट-तुरट, माणसांपेक्षा पाखरांनाच त्याचे प्रेम जास्त. पण फुलते मात्र असे, की बघत राहावे. थंडी सरता सरता गुलाबी कळ्या, मग पांढरा किंवा गुलाबी बहर, पाकळ्यांचा खाली सडा. काका गेल्या वर्षी एप्रिलमध्ये लेकीकडे अमेरिकेत गेले होते. तिथे घरोघर हे झाड पाहिले, आणि मोबाइलमध्ये फोटो भरभरून आले. ते त्यांनी साऱ्या गल्लीला दाखवले. त्यांच्या मातोश्रींनीही, आम्ही सगळे त्यांना आजी म्हणतो, चष्मा लावून पाहिले.

"काय म्हनलं? खेकड्याचं झाड?"

"खेकड्याचं नाही माय, क्रॅबॲपल. सफरचंदाचा प्रकार आहे."

"खाता येते?"

"आंबट असते. शोभेचं झाड आहे ते."

"सावली?"

"तेवढी नाही. पंधरा-वीस फूट वाढते."

"मंग थे करते काय, बाप्पा?"

या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेले नाही.

आजींना शास्त्र माहीत नाही, पण शास्त्र आजींच्याच बाजूचे आहे. या झाडाचा स्वभाव अगदी जुन्या काळच्या जावयासारखा आहे. घरात जे नसेल तेच मागायचे आणि मिळाले नाही की तोंड फुगवून बसायचे. क्रॅबॲपल थंडी मागते. उन्हाळ्यात त्याच्या फांद्यांवर पुढच्या वर्षीच्या कळ्या तयार होतात, पानगळीनंतर झोपी जातात, आणि पुरेशी थंडी खाल्ल्याशिवाय उठत नाहीत. पुरेशी म्हणजे किती? सुमारे ७ अंशांखालच्या थंडीचे काहीशे तास. पुष्कळ जातींना तर हजाराच्या आसपास. हजार तास म्हणजे जवळजवळ बेचाळीस दिवस-रात्री! आमच्याकडे पौषात एखादी रात्र दहा अंशांच्या खाली गेली तर दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर तोच विषय असतो आणि माणसे दुपारी बारालाही कानटोपी काढत नाहीत. एवढ्या भांडवलावर बेचाळीस दिवसांचा जावई कसा पोसायचा? थंडी कमी पडली की झाड मरते असे नाही. ते बरेच वाईट करते: कुठे दोन कळ्या, कुठे चार पाने, अर्धी फांदी जागी, अर्धी पेंगलेली. सरकारी कचेरीत दुपारी तीनला दिसते तसे.

हे मी काकांना सांगितले. काकांनी यावर बर्फ आणला. गेल्या डिसेंबरात रोप खोक्यातून आले होते, म्हणजे एक बिनपानांची काडी आणि तिला बांधलेली चिठ्ठी. ती त्यांनी कुंडीत लावली आणि रोज रात्री बुडाशी बर्फाचे खडे ठेवू लागले. शेजारधर्म म्हणून मी सांगितले, की काका, थंडी मोजतात त्या फांदीवरच्या कळ्या. मुळांना गारठवून काय होणार? जावयाला जेवायला वाढायचे तर ताटात वाढावे, चपलांवर वाढून काय उपयोग? काका म्हणाले, "बघू." मार्चमध्ये त्या काडीला तीन पाने आली. फूल म्हणाल तर अजून मोबाइलमध्येच आहे.

पुढे जमिनीचा प्रश्न आहेच. आमची जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात ती चिखल होऊन पाय धरते आणि उन्हाळ्यात भेगाळून अशी उघडते, की पोराचा हात मनगटापर्यंत आत जावा. भेग पडताना कोवळी मुळेही तोडते. त्यात ती चुनखडीची. अशा जमिनीत लोह असूनही सफरचंदाच्या कुळाला ते मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. कापूस, तूर यांना हे सगळे चालते. ती घरचीच लेकरे.

काकांचा हुकमी पत्ता हिमाचलचा आहे. "अहो, तिकडे एका शेतकऱ्याने गरम हवेतले सफरचंद काढले, तुम्ही कुठल्या जगात राहता?" खरे आहे. बिलासपूर जिल्ह्याच्या हरिमन शर्मांनी 'एचआरएमएन-९९' ही जात काढली आणि २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांनी काय केले ते तरी बघा. परसात उगवलेल्या रोपांतले जे तिथल्या उन्हाला टिकले, ते धरले. म्हणजे त्यांनी आपल्या हवेला मानणारे झाड निवडले. झाडाला मानवणारी हवा विकत आणायला ते निघाले नव्हते. शिवाय ते खायचे सफरचंद. आणि त्याच हिमाचलात क्रॅबॲपल लावतात ते काही फाटकाची शोभा म्हणून नव्हे. सफरचंदाच्या बागेत मधूनमधून ते उभे करतात, कारण त्याचा पराग मधमाश्यांनी शेजारच्या झाडांवर नेला की फळ चांगले धरते. तिथे ते नोकरीला आहे. इथे त्याला आपण नुसता पाहुणचार करायला बोलावतो आहोत.

कुणी म्हणेल, हा स्वदेशीचा सोस आहे. मुळीच नाही. देवळापुढचा पांढरा चाफा मध्य अमेरिकेकडचा, गुलमोहर मादागास्करचा, सीताफळ अमेरिकेचे, आणि जिच्यावाचून आमचे वऱ्हाडी जेवण पुरे होत नाही ती मिरचीसुद्धा तिकडचीच. या मंडळींनी येताना बर्फ मागितला नाही. आल्या, पदर खोचला आणि कामाला लागल्या. सेवाग्रामला आश्रमात गांधीजींनी लावलेला पिंपळ आणि कस्तुरबांनी लावलेली बकुळ आजही दाखवतात. त्या बकुळीला कुणी बर्फ घातल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

बरे, हौस 'ॲपल' या शब्दाचीच असेल तर इंग्रजांनी आपली सोय आधीच करून ठेवली आहे. त्या लोकांना अनोळखी फळ दिसले की सफरचंदच आठवे. आपले कवठ म्हणजे त्यांचे 'वूड ॲपल', सीताफळ 'कस्टर्ड ॲपल', जांब 'रोझ ॲपल', अननस 'पाइनॲपल'. फाटकावर इंग्रजी पाटी लावून आत कवठ लावा. पाहुणे तेवढेच दबकतील. काकू म्हणतात, क्रॅबॲपलची जेली उत्तम होते. होते, कवठाचीही होते, घट्ट आणि चकाकणारी. शिवाय महाशिवरात्रीला गूळ घालून चटणी होते, ती वेगळीच.

आणि फुलेच हवी असतील, तर उन्हाळ्यात आमच्याकडे फुलांची कमतरता कधी होती? फाल्गुनात पळस पेटतो, पांगारा लालबुंद होतो. घरापुढे सगळ्यांत शोभणारा बहावा तर ऐन वैशाखात, माणूस घामाने निथळत असतो तेव्हा, पिवळ्याधमक झुंबरांनी भरून जातो. त्याला थंडी नको, उन्हाळा हवा. आणि उन्हाळा आम्ही कितीही देऊ. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घातले की पुढे तो तुम्हाला विचारीतही नाही. केरळने त्याला राज्यफूल केले, थायलंडने राष्ट्रीय झाड केले, आणि आम्ही त्याला 'रस्त्याकडेचं झाड' म्हणतो. आमचे स्वतःचे राज्यफूल ताम्हण. त्याचा जांभळा बहर तर पुष्कळांनी शाळेच्या पुस्तकापलीकडे पाहिलेला नसतो.

इथपर्यंत सारे चेष्टेवारी नेता आले असते. हौस कुणाला नसते? एका कुंडीतली एक काडी, तिने माझे काय बिघडवले? पण ती काडी उद्या जमिनीत लावायची तर जागा हवी, आणि ती जागा अडवून आजींच्या लग्नाआधीपासूनचा एक निंब उभा आहे. पुण्याहून आलेल्या लँडस्केपवाल्याच्या नकाशात सगळे काही आहे: हिरवळ, रंगीत ठोकळ्यांची वाट, झुलता झोका, मधोमध क्रॅबॲपल. निंब नाही. मी नकाशा उलटसुलट करून पाहिला. नाहीच. "फ्रंट व्ह्यू अडतो," काका म्हणाले. म्हणजे घर झाडाआड जाते. अहो, आमच्याकडे झाडाआड जाण्यासाठीच तर माणसे घर बांधायला जागा शोधतात!

या निंबाचा गुन्हा काय, ते मी आठवून पाहिले. होळीच्या सुमाराला तो पाने टाकतो, घरच्यांना चार दिवस झाडावे लागते. मग बाकीची झाडे बोडकी असताना नवी पालवी नेसून तयार. पाडव्याला गुळाबरोबर त्याचा पाला. चैत्रात पांढरी बारीक फुले, गल्लीभर गोडसर वास, खाली सडा. पुढे लिंबोळ्या, आणि त्यांवर पाखरांची पंगत. वसंतात पांढरा बहर, खाली सडा, मागून पाखरांसाठी लहानलहान फळे: काका फोटो दाखवताना अगदी हेच वर्णन करतात. वर सावली. तीही मे महिन्याच्या दोन वाजता, जेव्हा कूलरमधूनसुद्धा गरम वाफ येते आणि गल्लीतल्या पाच-सात घरांच्या बाया भाजी निवडायला तिथेच जमतात. रस्त्याने जाणारा पोस्टमन सायकल टेकवतो तीही तिथेच.

आणि या मे महिन्यात, क्रॅबॲपलच्या तीन पानांच्या कडा करपू लागल्या तेव्हा, काकांनी ती कुंडी गच्चीवरून उचलून कुठे आणून ठेवली? निंबाखाली. आजींच्या खाटेच्या पायथ्याशी. तिथेच ती तगली. मी काही बोललो नाही. आजी बोलल्या, "राहू दे बाप्पा, पाव्हना हाय."

गेल्या आठवड्यात झाड तोडणारा दोर आणि करवत घेऊन आला. त्याने बुंध्याला हात लावून घेर मोजला, वर पाहिले, मग खाटेकडे पाहिले.

"आजी, जरा उठता का? फांदी पडन."

"पडू दे," आजी म्हणाल्या आणि कूस बदलली.

त्याने थोडा वेळ वाट पाहिली. सावलीत बसून पाणी प्याला, विडी ओढली. सोमवारी येतो म्हणून गेला आहे.