टेकडी नशिबाने टिकत नाही

मंडळी, मुलांकडे सरेला जाऊन आलेले पुणेकर तिथल्या हिरवाईचं कौतुक करताना थकत नाहीत. वर "नशीबवान हो ते!" हे आहेच. लंडनला खेटून असलेली ही काउंटी नशिबाने हिरवी राहिली नाही. बॉक्स हिल ही टेकडी एका धनिकाने विकत घेऊन १९१४ मध्ये नॅशनल ट्रस्टला दिली. १९३८ मध्ये हरितपट्ट्याचा कायदा झाला. आज सरेची सुमारे तीन चतुर्थांश जमीन हरितपट्ट्यात आहे.

आपण २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत ओढली. वेताळ टेकडीसाठी २०२३ मध्ये लोकांना रस्त्यावर यावं लागलं. त्यात सरेचे फोटो दाखवणारे किती होते? कौतुक पुरे, आता हरकती नोंदवा!